६३५ किलोचा बेंचप्रेस: वजन माणसाने उचललं की शर्टाने?

परवा सिंदेवाहीत जिममधून घरी येताना मित्राने एक रील दाखवली. एक धिप्पाड अमेरिकन माणूस बेंचवर झोपलाय. रॉडला दोन्ही बाजूंनी इतक्या प्लेट लावल्यात की रॉड वाकलाय, आणि भोवती चार-पाच जण हात पुढे करून उभे आहेत. रॉड खाली येतो, पुन्हा वर जातो, सगळे ओरडतात. खाली आकडा लिहिलेला: ६३५ किलो.

"हे खरं आहे काय बे?" मित्राने विचारलं. तो स्वतः ९० किलो मारतो. आमच्या जिममध्ये तेवढ्यावर त्याला सगळे भाऊ म्हणतात.

तर, हे खरं आहे. माणसाचं नाव जिमी कोल्ब, वर्ष २०२३. एआय नाही, प्लेट खोट्या नाहीत. पण त्याच्या अंगात जो आखूड, जाड, चमत्कारिक शिवलेला शर्ट दिसतो, त्याच्याबद्दल रीलवाला एक शब्द सांगत नाही. त्याला 'बेंच शर्ट' म्हणतात, आणि त्या ६३५ मधला मोठा वाटा त्याचा आहे.

हे ऐकल्यावर मित्राचा पुढचा प्रश्न आला. "असा शर्ट ऑनलाइन भेटते काय? माझा खांदा दुखते."

हा लेख लिहायचं कारण हा दुसरा प्रश्न आहे. पण त्याचं उत्तर द्यायला आधी पहिल्यातून जावं लागेल.

आधी आकडे

बेंचप्रेसच्या विक्रमांच्या दोन वेगळ्या वह्या आहेत. एक शर्टाशिवायची, जिला 'रॉ' किंवा 'क्लासिक' म्हणतात. दुसरी शर्टासकटची, म्हणजे 'इक्विप्ड'.

शर्टाशिवायच्या वहीत २००५ मध्ये अमेरिकेच्या स्कॉट मेंडेलसनचे ३२४ किलो आहेत. २०१५ मध्ये रशियाच्या किरिल सारिचेव्हने ३३५ केले. २०२१ मध्ये ज्युलियस मॅडॉक्सने ३५५. म्हणजे १६ वर्षांत जगातल्या सगळ्यात ताकदवान छात्यांनी मिळून ३१ किलो वाढवले.

आता दुसरी वही. २००४ मध्ये जीन रिचलॅकने १००० पौंडांचा, म्हणजे साधारण ४५३ किलोंचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला. २०२३ मध्ये कोल्बचे ६३५. १९ वर्षांत जवळपास १८० किलोंची वाढ.

या काळात माणसाच्या स्नायूंमध्ये असा काही फरक पडलेला नाही. सुधारलं ते कापड, शिवण आणि ते कापड वापरायचं तंत्र.

दोन्ही वह्यांच्या बाहेरचा एक आकडाही सांगून ठेवतो. २०१६ च्या रिओ पॅरालिम्पिकमध्ये इराणच्या सियामंद रहमानने ३१० किलो उचलले. पॅरा पॉवरलिफ्टिंगमध्ये बेंच शर्ट चालत नाही, आणि खेळाडूचे पाय बेंचवरच असतात, त्यामुळे जमिनीला पाय रोवून जोर घेण्याची सोय नाही. माझं मत विचाराल तर रील त्याची व्हायरल व्हायला हवी होती.

शर्ट आहे तरी कसा?

आपला साधा शर्ट शिवताना टेलर हात खाली सोडलेला धरतो. बाही खांद्यातून खाली उतरते. बेंच शर्टात बाही समोरच्या दिशेला जोडलेली असते, म्हणजे हात पुढे करून उभा असलेला माणूस डोळ्यासमोर ठेवून शिवल्यासारखी. घातल्यावर दोन्ही हात आपोआप समोर येऊन राहतात, झोपेत चालणाऱ्या माणसासारखे. हात खाली करायचा तर कापडाशी झगडावं लागतं.

सगळी युक्ती इथेच आहे. बेंचवर झोपून रॉड छातीकडे आणताना कोपर मागे जातात आणि छातीवरचं कापड ताणलं जातं. लहानपणी गलोल ओढली असेल तर वेगळं सांगायला नको. रॉड छातीला टेकतो तेव्हा कापड सर्वात जास्त ताणलेलं असतं आणि ते परत आपल्या जागी यायला बघतं. येताना रॉडला वर ढकलतं.

बेंचप्रेसमध्ये माणूस सगळ्यात कमजोर असतो तो खालच्या भागात, छातीपासून पहिल्या काही इंचांत. शर्ट नेमका तिथेच सर्वात जास्त जोर लावतो. रॉड वर गेला की कापड सैल पडतं, मदत संपते, आणि उरलेलं अंतर हातांच्या मागच्या स्नायूंनी, म्हणजे ट्रायसेप्सनी कापायचं असतं. म्हणून शर्टवाले लिफ्टर ट्रायसेप्सवर वेड्यासारखी मेहनत घेतात.

हे कापड आपल्या टी-शर्टासारखं लवचिक नसतं. जाड, घट्ट विणीचं पॉलिएस्टर असतं. काही शर्ट डेनिमचे आणि कॅनव्हासचेही आले. एक थर असेल तर 'सिंगल प्लाय', जास्त असतील तर 'मल्टी प्लाय'. शर्ट एकट्याने घालताच येत नाही, दोन माणसं लागतात ओढायला. काखेत आणि दंडावर वळ उठतात. (आपल्याकडच्या मे महिन्यात तो अंगात चढवायची कल्पना करूनच मला घाम आला.)

आणखी एक मजेशीर गोष्ट. नियमानुसार रॉड छातीला टेकायलाच हवा, तिथे थांबायला हवा, मग पंच सांगतात तेव्हा वर न्यायचा. पण घट्ट शर्टात हलकं वजन छातीपर्यंत येतच नाही, कापड ते वरच अडवतं. रॉड खाली आणण्यासाठीच जास्त वजन लावावं लागतं. जिममध्ये ज्या वजनाला आपण घाबरतो, त्याला शर्टवाला 'हे तर खालीच येत नाही' म्हणून बाजूला ठेवतो.

हा शर्ट आणला अमेरिकेच्या जॉन इन्झरने, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. तो स्वतः पॉवरलिफ्टर होता. पुढे टायटन आणि फिनलंडची मेटल अशा कंपन्या आल्या आणि कोणाचा शर्ट किती किलो 'देतो' याची चर्चा खेळाडूंमध्ये सुरू झाली. लिफ्टर आजही तसंच बोलतात: "या शर्टाने मला ४० दिले." बॅट बदलली म्हणून ४० रन मिळाले असं कुठला बॅट्समन म्हणत नाही.

मग ही चीटिंग झाली का?

रीलखालच्या कमेंटमध्ये निम्मे लोक हेच म्हणत होते. मला तसं वाटत नाही, पण याचं उत्तर प्रत्येक खेळाने वेगवेगळं दिलंय.

पोहण्यात २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये स्पीडोचा एलझेडआर नावाचा सूट आला. त्यापाठोपाठ पूर्ण पॉलियुरेथेनचे सूट आले, आणि २००९ च्या रोममधल्या जागतिक स्पर्धेत एकाच आठवड्यात ४३ विश्वविक्रम मोडले. महासंघ जागा झाला आणि १ जानेवारी २०१० पासून असे सूट बंद. धावण्यात कार्बन प्लेटच्या बुटांवरून वाद झाला, तेव्हा वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सने २०२० मध्ये बूट बंद न करता मर्यादा घातली: रस्त्यावरच्या शर्यतीत तळवा ४० मिलिमीटरपेक्षा जाड नको आणि प्लेट एकापेक्षा जास्त नको.

पॉवरलिफ्टिंगने तिसरा रस्ता धरला. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघ, म्हणजे आयपीएफने शर्ट ठेवला, पण तो एकाच थराचा हवा आणि महासंघाने मान्यता दिलेल्या यादीतलाच हवा अशी अट घातली. शर्टाशिवाय खेळणाऱ्यांसाठी वेगळा क्लासिक गट काढला. त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०१३ मध्ये रशियातल्या सुझदालला झाली. तिथे पट्टा, मनगटाच्या पट्ट्या, गुडघ्याचे स्लीव्ह चालतात. शर्ट नाही. कोल्बचा विक्रम मात्र आयपीएफच्या बाहेरचा आहे. तिकडे जास्त थरांचे शर्ट घेणाऱ्या वेगळ्या संघटना आहेत.

मला हा तिसरा रस्ता पटतो. आपल्या चंद्रपूरचंच उदाहरण घ्या. मे २०१८ मध्ये 'मिशन शौर्य'मधून जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच मुलं एव्हरेस्टवर पोहोचली. एव्हरेस्टवर जाणारे बहुतेक सगळेच बाटलीतला ऑक्सिजन वापरतात. म्हणून ती चढाई खोटी ठरते का? अजिबात नाही. पण गिर्यारोहणात ऑक्सिजनसह आणि ऑक्सिजनशिवाय ही नोंद वेगळी ठेवतात. कोणी कोणाची मापं एकमेकांत मिसळत नाही.

घोटाळा होतो तो मिसळल्यावर. रीलमध्ये फक्त आकडा असतो. गावोगावच्या बेंचप्रेस स्पर्धांच्या बॅनरवर 'भव्य' असतं, बक्षिसाची रक्कम असते, आमदारसाहेबांचा फोटो असतो, पण क्लासिक की इक्विप्ड हे बरेचदा नसतं. मग ९० मारणारा पोरगा ६३५ बघतो आणि त्याला वाटतं आपण कुठेच नाही. खरं तर नियमित व्यायाम करणाऱ्यांतही स्वतःच्या वजनाहून जास्त बेंच मारणारे कमीच असतात, आणि माझा मित्र ६८ किलोचा आहे.

जाता जाता एक गल्लत दूर करून टाकू. हे सगळं पॉवरलिफ्टिंगचं आहे. ऑलिम्पिकमध्ये असतं ते वेटलिफ्टिंग, ज्यात बेंचप्रेस नाहीच. स्नॅच आणि क्लीन अँड जर्क असे दोनच प्रकार. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्य जिंकलं ते त्यात. सुवर्ण फक्त एका किलोने हुकलं, कारण क्लीन अँड जर्कमध्ये त्याच्या उजव्या कोपराला दुखापत झाली. असा आधार देणारा शर्ट तिथे चालत नाही. उलट हात पूर्ण सरळ झाला की नाही हे पंचांना दिसायला हवं म्हणून पूर्वी कोपर झाकणारे कपडेच मान्य नव्हते. अंग झाकायचं असलेल्या महिला खेळाडूंसाठी २०११ मध्ये नियम बदलला आणि अंगाला चिकटून बसणारा पूर्ण सूट चालू लागला. ग्लासगोच्या २०२६ च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या यादीत वेटलिफ्टिंग आणि पॅरा पॉवरलिफ्टिंग दोन्ही आहेत. म्हणजे तिथे बेंचप्रेस दिसेल, शर्ट दिसणार नाही.

आता खांद्याचा प्रश्न

बेंच शर्ट, बेल्ट, रॅप, स्लीव्ह हे सगळं बाजारात एकाच शब्दाखाली विकलं जातं: 'सपोर्ट'. या शब्दाचे दोन अर्थ होतात आणि दुकानदार ते वेगळे करून सांगत नाही. एक, जास्त वजन उचलायला मदत. दोन, इजा होऊ नये म्हणून संरक्षण.

बेंच शर्ट पहिलं काम जबरदस्त करतो. दुसऱ्याबद्दल त्याचे चाहते सांगतात की खालच्या टोकाला खांद्यावरचा ताण तो स्वतःवर घेतो. त्याच वजनाला हे खरं असेलही. पण त्याच वजनासाठी शर्ट कोण घालतं? घालणारा आणखी ५०, १०० किलो चढवतो. आता ते जास्तीचं वजन मनगट, कोपर आणि ट्रायसेप्सवर आहे, आणि वरच्या टप्प्यात शर्टाची मदत संपल्यावर एकट्या हातांवर आहे.

त्यात शर्टाला स्वतःची एक वाट असते. लिफ्टर तिला 'ग्रूव्ह' म्हणतात. रॉड त्या वाटेवरून थोडा जरी हलला, तर शर्ट त्याला तोंडाकडे नाहीतर पोटाकडे फेकतो. कधी शिवण उसवते, कापड फाटतं, आणि शर्टाने धरलेलं वजन एका क्षणात माणसावर येतं. म्हणून रीलमध्ये ते चार-पाच जण उभे असतात. आयपीएफच्या नियमातच आहे की स्टेजवर किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच स्पॉटर हवेत. बेंचवर अंगठा रॉडभोवती गुंडाळलेलाच हवा, हाही नियम आहे, कारण अंगठा न लावता धरलेला रॉड तळहातावरून सटकू शकतो.

वजन अंगावर येणं काय असतं हे फेब्रुवारी २०२५ मध्ये देशाने पाहिलं. बिकानेरमध्ये राष्ट्रीय स्तरावर पदक जिंकलेली १७ वर्षांची पॉवरलिफ्टर २७० किलोच्या स्क्वॉटचा सराव करत होती. रॉड मानेवर आला आणि तिचा मृत्यू झाला. तो स्क्वॉट होता, बेंच नव्हे, आणि प्रशिक्षक मागे उभे होते. तो व्हिडिओही रील म्हणूनच फिरला.

तेव्हा मित्राला मी सांगितलं ते असं: दुखणाऱ्या खांद्यावर तू शर्ट चढवलास तर खांदा बरा होणार नाही, फक्त दुखणाऱ्या खांद्याने जास्त वजन मारशील. तो थोडा नाराज झाला. मग म्हणाला, "बेल्ट तरी?"

बेल्टची गोष्ट जिमच्या बाहेर जाते

सिंदेवाही, मूल, नागभीड, ब्रह्मपुरी हा सगळा धानाचा पट्टा. राइस मिल आहेत, धान खरेदी केंद्रं आहेत, आणि सगळीकडे कट्टे आणि पोती पाठीवर वाहणारे हमाल आहेत. जिममधला पोरगा तासभर वजन उचलतो आणि त्याचे पैसे देतो. मिलमधले काका दिवसभर उचलतात तेव्हा कुठे त्यांना पैसे मिळतात. कमरेला घट्ट गुंडाळलेला दुपट्टा हा त्यांचा सपोर्ट. आता काहींच्या कमरेला मेडिकलमधून आणलेला रुंद इलॅस्टिकचा पट्टाही दिसू लागलाय.

त्याचा फायदा होतो का? याचं चांगल्यापैकी पक्कं उत्तर उपलब्ध आहे. अमेरिकेत १९८० आणि ९० च्या दशकात गोदामांतल्या आणि दुकानांतल्या कामगारांना असे पट्टे सरसकट वाटले गेले. तिथल्या नायॉश या सरकारी संस्थेने १९९४ मध्ये पुरावे तपासले आणि सांगितलं की निरोगी कामगाराची पाठ या पट्ट्याने वाचते असं म्हणायला पुरेसा आधार नाही. मग त्यांनी स्वतः मोठा अभ्यास केला: १६० दुकानं, ९,३७७ कर्मचारी, दोन वर्षं. २००० मध्ये निकाल छापून आला. रोज पट्टा लावणारे आणि न लावणारे यांच्यात पाठदुखीच्या बाबतीत फरक आढळला नाही.

जिमचा चामड्याचा जाड बेल्ट थोडा वेगळा आहे. पोटात हवा भरून त्याच्यावर पोट दाबलं की पोटातला दाब वाढतो, कमरेचा भाग ताठ राहतो, आणि जड स्क्वॉटमध्ये त्याचा उपयोग होतो. पण तो एका-दोन रेपपुरता. दिवसभर पोती वाहताना तसा श्वास कोण धरणार?

हमालाच्या पाठीला खरा फरक पडतो तो पोत्याच्या वजनाने. एकेकाळी आपल्याकडे पोतं म्हणजे सरळ क्विंटलचं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्येच शिफारस केली होती की एका प्रौढ पुरुषाने ५५ किलोपेक्षा जास्त वाहू नये. आपल्याकडे बांधकाम कामगारांच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत पुरुषाला ५५ आणि स्त्रीला ३० किलो ही मर्यादा आहे. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला, त्यामागे हमालांच्या संघटनांची मोठी लढाई होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. जुना कारखाने कायदा, ज्याच्या ३४ व्या कलमात इजा होईल इतकं ओझं उचलायला लावू नये असं होतं, तो त्यातल्या सुरक्षेच्या संहितेत गेलाय. राज्याच्या नियमांत या ओझ्याचा आकडा काय राहतो, याकडे मिलमधल्या कोणाचं लक्ष आहे असं मला दिसलं नाही. पट्ट्याची जाहिरात मात्र सगळ्यांच्या मोबाइलवर पोहोचली आहे.

मालकाच्या बाजूने पट्टा सोयीचा असतो, हेही खरं. एकदा वाटला की संपलं. पोतं लहान करायचं तर शिलाई, फेऱ्या, मजुरीचा हिशोब सगळं बदलतं.

मग शर्ट घ्यायचा कोणी?

ज्याला इक्विप्ड गटात स्पर्धा खेळायची आहे, ज्याच्याकडे तो शर्ट शिकवणारा कोच आहे आणि प्रत्येक सेटला उभे राहणारे दोन-तीन साथीदार आहेत, त्याने. घेताना शर्ट आयपीएफच्या मान्य यादीतला आहे का ते बघायचं, नाहीतर हजारो रुपये घालून आणलेला शर्ट कपडे तपासणीच्या टेबलावरच बाद होतो. इथल्या टेलरकडून तसा शिवून घ्यायचा विचार कोणाच्या डोक्यात असेल (माझ्या मित्राच्या होता), तर तोही चालणार नाही. टेलर कितीही हुशार असो, यादीत कंपनीचं नाव लागतं.

बाकीच्यांसाठी, म्हणजे भरतीची तयारी करणारे आणि तब्येत कमावणारे आपण सगळे, शर्टाचा काही उपयोग नाही. पोलीस भरतीत गोळा फेकायचा असतो, धावायचं असतं. वनरक्षक भरतीत धावायचंच असतं. बेंच कोणी मोजत नाही. खांदा दुखत असेल तर वजन कमी करा, काही आठवडे रॉडऐवजी डंबेल किंवा पुशअप करून बघा, आणि तरी दुखलं तर हाडांच्या डॉक्टरकडे जा. एकटे असाल तर सेफ्टी रॉड असलेल्या रॅकमध्येच बेंच मारा. तो नसेल तर दोन्ही बाजूंचे लॉक काढून ठेवा, म्हणजे अडकलात तर रॉड एका बाजूला कलता करून प्लेट खाली सोडता येतील. आवाज होईल, जिमवाले दादा ओरडतील, ओरडू द्या.

आणि येत्या हंगामात व्हॉट्सअ‍ॅपवर कुठल्या बेंचप्रेस स्पर्धेचं पत्रक आलं, तर प्रवेश फी भरायच्या आधी खाली दिलेल्या नंबरवर फोन करून तीन गोष्टी विचारा. गट क्लासिक आहे की इक्विप्ड? स्पॉटर आयोजकांचे आहेत की स्वतःचे आणायचे? आणि प्रमाणपत्रावर गट लिहून देणार का?